अठरावा डोळा

१

जमनाबाई धावजी राठोड, वय बासष्ट, यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू शुक्रवारी आमच्या दवाखान्यात काढला, याचे माझ्याकडे सात कागद होते. पुढच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला डॉ. सुरभी देवतळे यांनी त्याच डोळ्यावर टॉर्च धरला, तेव्हा मोतीबिंदू जागच्या जागी होता. पांढराफटक, पिकलेला, कोणी बोटसुद्धा न लावलेला.

मी कपिल. या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळतो. कागद आणि माणूस यांच्यात मतभेद झाला तर मी सवयीने कागदाची बाजू घेतो, आणि बहुतेक वेळा माझंच बरोबर निघतं. त्या सकाळी मात्र मला बाजू घेता येईना.

वणीतला आमचा दवाखाना वीस खाटांचा. एक धर्मादाय ट्रस्ट तो चालवतो. आम्ही खेड्यात शिबिर घेतो, तिथेच डोळे तपासतो, तिथेच भिंगाचं माप घेतो. दोन-तीन दिवसांनी गाडी पाठवून माणसं वणीला आणतो, ऑपरेशन करतो, एक मुक्काम, मग काळा चष्मा आणि थेंबांच्या तीन बाटल्या देऊन घरी सोडतो. सगळं फुकट. मुकुटबनचं शिबिर मंगळवारी झालं, शुक्रवारी अठरा ऑपरेशनं झाली, शनिवारी अठरा काळे चष्मे गाडीत बसून परत गेले. इथपर्यंत सगळं रीतसर होतं.

पुढच्या बुधवारी दुपारी त्या अठरातले विठ्ठलराव बोढे डोळा दाबून धरत आले. डोळ्याच्या आत पू झाला होता. डॉक्टरांनी लगेच डोळ्यात इंजेक्शन दिलं, नागपूरला रवाना केलं, आणि मला म्हणाल्या की बाकी सतरा जणांना ताबडतोब बोलवा. एकाला झालं म्हणजे त्या दिवशीच्या कोणालाही झालेलं असू शकतं. लवकर सापडलं तर डोळा वाचतो, दिवस गेला तर वाचेलच असं नाही.

ट्रस्टच्या अध्यक्षांचा फोन आला. कारण कोणाला सांगायचं नाही, नेहमीची तपासणी आहे एवढंच म्हणायचं. ही गोष्ट आमचे बहुतेक रुग्ण येतात त्या बंजारा तांड्यात गेली तर पुढची दहा वर्षं तिथून कोणी शिबिराला येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. हेही रेकॉर्डमध्ये असू द्या.

गुरुवारी सकाळपर्यंत सोळा डोळे तपासून झाले, सोळाही स्वच्छ. सतरावी जमनाबाई. तिच्या डोळ्याला हातच लागलेला नव्हता. म्हणजे आम्ही ऑपरेशन केलेला एक डोळा बाहेर कुठेतरी होता, कदाचित आतून सडत होता, आणि तो कोणाचा हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

२

डॉक्टर घाबरल्या की विमलताईंना बोलावतात. विमलताई पिदूरकर आमच्या वॉर्डच्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झाल्या आणि घरी करमेना म्हणून इथे आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्या समोरच्याकडे पाहतात. लांबचं त्यांना स्पष्ट दिसतं, जवळचं दिसत नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

त्यांनी आधी जमनाबाईलाच विचारलं. जमनाबाई काळा चष्मा लावूनच आली होती. ऑपरेशन झालं का, तर झालं. दिसतं का, तर दिसतं. ताईंनी तिच्या डाव्या डोळ्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताची तीन बोटं उजव्या डोळ्यासमोर धरली आणि किती आहेत म्हणून विचारलं.

"जितके हायेत तितके," जमनाबाई म्हणाली.

यापुढे ती एक अक्षर बोलली नाही. ताई तिला बाकावर बसवून माझ्या खोलीत आल्या आणि सात कागद टेबलावर पसरायला सांगितले. मोजमाप करणारा अक्षय आधीच तिथे घाम पुसत उभा होता.

पहिली शंका ज्याला त्याला येते तीच. ऑपरेशन झालंच नाही, नुसतं कागदावर दाखवलं. ताईंनी ती दोन वाक्यांत निकालात काढली. शुक्रवारी भिंगांची अठरा खोकी रिकामी झाली होती आणि शनिवारी त्यांनी स्वतः अठरा पट्ट्या सोडल्या होत्या. दुसरी शंका, दोघांच्या फायली एकमेकींत गेल्या. पण उरलेल्या सतराही जणांची ऑपरेशनं खरोखर झालेली होती, प्रत्येकाच्या डोळ्यात भिंग होतं. अदलाबदल झाली असती तर सतराच भिंगं वापरली गेली असती. तेव्हा उरलं ते एकच. जमनाबाईच्या नावावर कोणी दुसरीच बाई येऊन झोपली होती.

हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. आमची पद्धत अशी: गाडीतून उतरताना शिबिरात दिलेलं कार्ड पाहायचं, कार्डावर लिहिलेल्या डोळ्याच्या भुवईवर पट्टी लावून नंबर घालायचा, नाव पुकारायचं, अंगठा घ्यायचा. पुढे सगळे त्या पट्टीकडे पाहतात. चेहरा कोणीच पाहत नाही. आधारकार्डावर फोटो असतो खरा, पण माझ्या झेरॉक्स मशीनमधून माणूस गेला की बाहेर काळा चौकोन येतो.

ताईंचं बोट एका कागदावर थांबलं. शनिवारच्या नजर-तपासणीचा तक्ता. बाकी सगळ्यांना चार-पाच ओळी वाचता आल्या होत्या, जमनाबाईच्या नावापुढे फक्त वरची एक. बारीक भोकाची चकती डोळ्यापुढे धरल्यावर मात्र आणखी तीन. खाली अक्षयचा शेरा होता, आठवड्याने पाहू.

याचा अर्थ काय, ताईंनी विचारलं. अक्षय म्हणाला, डोळा चांगला आहे, भिंगाचा नंबर चुकला. पण नंबर कसा चुकेल, मंगळवारी मुकुटबनला जमनाबाईचं माप त्यानेच दोनदा घेतलं होतं.

"नंबर नाई चुकला रे," ताई म्हणाल्या. "माप जमनाबाईचं होतं. भिंग दुसरीच्या डोयात गेलं."

म्हणजे मंगळवारी शिबिराला खरी जमनाबाई आली होती आणि शुक्रवारी गाडीत बसली ती दुसरी. मधले तीन दिवस कार्ड तांड्यात होतं. तिथे आमच्या वतीने ये-जा करणारी माणसं दोनच, आशा वर्कर पुष्पा आडे आणि माणसं गाडीत बसवून आणणारा भारत चव्हाण. दोघंही बाहेर व्हरांड्यात होते. मी बाहेर पाहिलं तेव्हा भारत कोणाला तरी हलक्या आवाजात फोन करत होता. माझी चाहूल लागताच त्याने तो बंद केला.

३

भारतचं तांड्यात किराणा दुकान आहे. शिबिराच्या दिवसांत तो दुकान बायकोवर सोपवून आमच्यासाठी फिरतो आणि चहाशिवाय काही घेत नाही. इतक्या चांगल्या माणसाविषयी मला नेहमीच थोडा संशय असतो.

फोन कोणाला केला, तर घरी. शुक्रवारी गाडीत कोण बसलं, तर अठरा जणं. चेहरे पाहिले का? तो म्हणाला की बायका मागे होत्या, तो पुढे ड्रायव्हरजवळ, आणि डोक्यावरचा पदर ओढून बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे कोण पाहतो. हे त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. मग त्यानेच एक प्रश्न विचारला.

"ताई, हे पोलिसात जाईन का?"

ताई म्हणाल्या, अजून तरी नाही. पाच मिनिटांनी त्याने तेच पुन्हा विचारलं. मी मनातल्या मनात केस बंद केली. कार्ड भारतने कोणाला तरी दिलं, त्याची काही देवाणघेवाण झाली, आता तो घाबरला. ताईंना तसं म्हणालो तर त्या म्हणाल्या की घाबरलेला माणूस स्वतःसाठी घाबरला आहे की दुसऱ्यासाठी, हे आधी पाहावं.

पुष्पाची गोष्ट वेगळी. ती बसायलाच तयार नव्हती. गळ्यातल्या पिशवीतून तिने प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला. शिबिरात निवडलेल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन तो वाचून दाखवायचा, हे तिचं काम. सकाळी डोक्यावरून आंघोळ करून यावं. अंगावर एकही दागिना नसावा, बांगड्या-पाटल्या काढून याव्यात. तंबाखू खाऊ नये. सोबत घरचं एक माणूस असावं. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर ती चुकवू नये.

तिने अठराही घरी तो वाचला होता. जमनाबाईच्या घरी बुधवारी. जमनाबाईने ऐकून घेतलं, काही विचारलं नाही, चहा पाजला. शुक्रवारी पुष्पा दुसऱ्या तांड्यावर बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे गाडी तिने पाहिलीच नाही. हे खरं होतं. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन करून खात्री केली, कारण मी तसा माणूस आहे.

"माही नोकरी जाईन का?" एवढंच तिने विचारलं. ताईंनी कागद परत दिला. तो त्यांनीच तयार केलेला होता आणि मी टाइप केलेला. त्यात नवीन काही सापडेल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

साडेअकरा वाजले होते. डॉक्टर दोनदा डोकावून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, इतर काही करता येत नसेल तर निदान जमनाबाईच्या ऑपरेशनची तयारी करून ठेवू, डोळा पार पिकला आहे, आणि तपासताना त्यांनी पाहिलंच आहे की बाहुली चांगली मोठी होते.

"तुम्ही तिच्या डोयात औषध टाकलं होतं का?" ताईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, नाही, त्यांना वाटलं वॉर्डातून टाकून पाठवलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी अक्षयकडे. कोणीच टाकलं नव्हतं.

४

तीन बाटल्यांपैकी एका बाटलीतलं औषध बाहुली मोठी ठेवतं. त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. आमच्याकडून ते शनिवारी ज्या बाईला दिलं, तिची बाटली जमनाबाईच्या डोळ्याला काल किंवा आज सकाळी लागली होती. म्हणजे ती बाई कालपर्यंत जमनाबाईच्या जवळपास होती, आणि जमनाबाईला सगळं माहीत होतं.

मग तिला दम द्या, मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. जी बाई पिकलेल्या डोळ्याने तीन बोटांसमोर तसं उत्तर देते ती दमाने बोलणार नाही, हे मलाही दिसत होतं, पण काहीतरी सुचवल्याशिवाय राहवत नाही.

ताई म्हणाल्या, ऑपरेशनची तयारी करायचीच आहे तर बीपी घेऊ. त्या यंत्र घेऊन जमनाबाईजवळ बसल्या आणि दंडावरचा पदर बाजूला केला.

मनगटापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या. एकाला एक लागून, मध्ये बोट शिरणार नाही अशा. लग्नात चढलेल्या, आणि नवरा असेपर्यंत दंडावरून उतरवायच्या नाहीत, असा त्यांच्यातल्या जुन्या बायकांचा नेम. आताच्या पोरी घालत नाहीत, पण जमनाबाईच्या वयाच्या बायका अजून पाळतात. यंत्राचा पट्टा गुंडाळायला त्या दंडावर चार बोटं जागा नव्हती. दुसऱ्या दंडावरही नव्हती.

ताईंनी पट्टा घडी करून ठेवला आणि माझ्याकडे शुक्रवारचा तक्ता मागितला. जमनाबाई राठोड, बीपी तीन वेळा, उजवा दंड, कुठलीही अडचण नाही. खाली सही विमल पिदूरकर.

त्यांनी स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

"तीनदा बांधला म्या पट्टा," त्या म्हणाल्या. "दंड पाहिला, आकडा पाहिला. तोंड नाई पाहिलं."

शुक्रवारी आलेल्या बाईचे दंड मोकळे होते. तांड्यातली त्याच वयाची, त्याच वेशातली, पण दंडावर बांगडी नसलेली. म्हणजे विधवा.

पुष्पाने तांड्यातल्या विधवा बायका बोटांवर मोजल्या. साठीच्या आसपासच्या चौघी. भारतची बायको दुकान बंद करून चौघींच्या घरी गेली आणि पाऊण तासाने फोन आला. एकीचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी यवतमाळला झालेलं, दोघींना काही त्रास नाही, चौथी कापूस वेचायला गेलेली होती, तिला वावरातून बोलावून डोळा पाहिला. चौघींपैकी कोणाच्याही डोळ्याचं ताजं ऑपरेशन झालेलं नव्हतं. आमच्याकडे असलेला एकमेव धागा दुपारी सव्वा वाजता तुटला.

५

ताईंनी डबा उघडला नाही. मला वाटलं त्या हरल्या. त्या मात्र अक्षयला एकच गोष्ट विचारत होत्या: मंगळवारच्या शिबिरात आपण कोणाकोणाला परत पाठवलं?

अक्षयने आठवून सांगितलं, तसं कोणालाच नाही. मोतीबिंदू असलेल्या सगळ्यांना घेतलं. हां, पैनगंगेपलीकडच्या दोन-तीन म्हाताऱ्या आल्या होत्या, त्यांची आधारकार्डं आदिलाबादकडची. आपली मदत या जिल्ह्यापुरती, म्हणून त्यांना तिकडच्या दवाखान्यात जायला सांगितलं. नावं? नावं कशाला लिहायची. परत पाठवलेल्यांचं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही. हा नियम माझाच.

"आता चला," ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांना जमनाबाईसमोर घेऊन गेल्या. डॉक्टर, अक्षय, पुष्पा, भारत, मी. जमनाबाई चष्मा लावून ताठ बसली होती.

ताई बोलल्या त्या आवाज न चढवता. इथली बाई असती तर तिला दुसरीच्या नावाची गरजच नव्हती, मंगळवारी तिला तिच्याच नावावर घेतलं असतं. नाव उसनं लागलं कारण तिचं कार्ड नदीपलीकडचं. ती विधवा. ऑपरेशननंतर ती चार दिवस तुझ्या घरी राहिली आणि काल गेली, कारण तिच्या बाटलीतलं औषध तुझ्या डोळ्यात अजून आहे. आणि ती अशी जवळची आहे की पिकल्या डोळ्याची बाई आपली पाळी तिला देऊन टाकते. नणंद असेल किंवा बहीण. मला वाटते बहीण.

जमनाबाईने मान हलवली नाही. भारतने हलवली. त्याला स्वतःला ते कळलं नसावं.

"आता तू पाळी काहून देली ते सांगतो," ताई म्हणाल्या. "पुष्पानं तुले कागद वाचून दाखवला. बांगड्या काढून या. धावजी जिवंत असताना तू दंड कसा मोकळा करशीन? तू काही बोलली नाई, चहा पाजला, आन् जिच्या दंडावर काढासाठी काही नाई तिले धाडलं. तो कागद म्या लिहिला, जमनाबाई. डोयाच्या ऑपरेशनचा दंडाशी काही संबंध नाई. सरकारी दवाखान्यात तसं लिहीत होतो म्हनून इथंबी लिहिलं."

पुष्पाने हातातला कागद मागे लपवला. तर्क पुरा झाला होता, सगळे दुवे जुळले होते, आणि त्या बाईचं नाव किंवा गाव आम्हाला अजून माहीत नव्हतं.

तेव्हा ताईंनी ती गोष्ट केली जी करायची नाही असं अध्यक्षांनी बजावलं होतं. मी त्यांना थांबवायला हात पुढे केला, हेही लिहितो.

"तुमाले आज तपासणीसाठी नाई बोलावलं," त्या म्हणाल्या. "आमच्या इथं त्या दिवशी काहीतरी घाण राहिली. विठ्ठलरावांच्या डोयात पू झाला. तिच्याबी झाला असन तं डोया जाते. कोनावर केस नाई, कोनाचं नाव कापत नाई. फक्त ती कुठं हाये ते सांग."

जमनाबाईने चष्मा काढला. पांढऱ्या डोळ्याने आणि धुरकट डोळ्याने तिने ताईंचा चेहरा शोधला.

"मंग हे सकाळीच काहून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "सकाळीच सांगाचं होतं न बाई. बिजली हाये थे. माही लायनी भेन."

आणि ती घाईघाईने धाकट्या बहिणीच्या गावाचं नाव, कोणत्या वडाजवळ वळायचं, घरासमोर कोणाची टपरी आहे, सगळं सांगत सुटली. मध्येच सांगितलं की भारतला काही बोलू नका, गाडीत बसवताना त्याने ओळखलं होतं, पण याडीने, म्हणजे तिने, त्याला शपथ घातली होती. तांड्यात म्हाताऱ्या बाईला आईच्या नावाने हाक मारतात, आणि तिने शपथ घातली की भारतसारखा माणूस तुरुंगात जाईल पण बोलणार नाही. आणि थेंब का टाकले, तर बिजलीच्या डोळ्याला ते थंड लागत होते. तिला वाटलं, ऑपरेशन नाही तर नाही, थेंबांनी आपलाही थोडा विरघळेल.

अडीच वाजले होते. जमनाबाई साडेनऊपासून आमच्या बाकावर बसली होती.

६

ड्रायव्हर गोविंदाने गाडी काढली. डॉक्टर औषधांची पेटी मांडीवर घेऊन बसल्या, शेजारी ताई, मागे जमनाबाई, मी आणि रस्ता दाखवायला भारत. वणीतून निघताना कोळशाचे ट्रक आडवे आले, मुकुटबनपासून रस्ता मोकळा झाला. वावरांत वेचणी चालू होती. पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली.

बिजलीबाई अंगणात बाजेवर बसली होती. काळा चष्मा जमनाबाईकडे राहिला होता, म्हणून डोळ्यावर ओढणीचा तुकडा बांधलेला. डॉक्टरांनी तो सोडला. पापणी सुजून बंद झाली होती, त्यांनी ती दोन बोटांनी उघडली आणि टॉर्च लावला. मग त्यांनी पेटी उघडली. आम्ही पोहोचलो तेव्हा चार वाजत आले होते.

इंजेक्शन तिथेच बाजेवर दिलं. जमनाबाईने बहिणीचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. ताईंनी विचारलं की दुखायला कधी लागलं, तर बुधवारी पहाटे. मग दवाखान्यात का आली नाहीस, दुपारची एसटी होती, दीड-दोन तासांचा रस्ता.

"येनार होती," बिजलीबाई म्हणाली. "पन कोनत्या नावानं येऊ?"

मला रेकॉर्डची भाषा सोडून दुसरी येत नाही. तिच्या म्हणण्याप्रमाणे, जमनाबाईच्या नावाने आली असती तर जमनाबाईच्या पुढच्या ऑपरेशनची अडचण झाली असती, आणि स्वतःच्या नावाने आली असती तर आम्ही तिला एकदा परत पाठवलंच होतं. म्हणून बहिणीच्या डोक्याला ताप नको असं ठरवून, घरची कामं आहेत सांगून ती निघून गेली. जमनाबाईला तिने दुखण्याविषयी काही सांगितलं नव्हतं.

तिथूनच तिला नागपूरला नेलं. विठ्ठलरावांचा डोळा वाचला, आता ते पेपर वाचतात आणि आमच्या चुका सगळ्या मुकुटबनला सांगतात, त्यांना तो हक्क आहे. बिजलीबाईचा डोळा जागेवर राहिला, नजर गेली. उजेड आहे की अंधार, एवढं त्या डोळ्याला कळतं. गुरुवारी सकाळीच पोहोचलो असतो तर वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. ताईंना मी विचारलं नाही.

चौकशी झाली. ऑपरेशनात डोळा धुण्याच्या मीठ-पाण्याची एक बाटली खराब निघाली, त्या खेपेच्या सगळ्या बाटल्या फेकल्या. अध्यक्षांनी ताईंना पत्र लिहून समज दिली, ताईंनी ते पत्र माझ्याकडे फाइल करायला दिलं. पुष्पाच्या कागदातली दागिन्यांची ओळ गेली. परत पाठवलेल्यांची एक वही मी सुरू केली आहे. पहिलं नाव मागच्या तारखेने लिहिलं, तसं करणं नियमात बसत नाही. माझ्या कागदांत कोणाचाही चेहरा नव्हता, याची मला लाज वाटते, आणि ती वहीने जात नाही.

डिसेंबरात जमनाबाईचं ऑपरेशन झालं. दोन्ही दंडांवर ताईंनी बांगड्यांवरूनच निर्जंतुक कापड गुंडाळलं, बीपी पायाला पट्टा बांधून घेतलं. टेबलावर नेण्याआधी त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा नीट पाहिला. आता त्या सगळ्यांचाच पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडली. धावजी काठी धरून दारात उभे होते. बिजलीबाई नदीपलीकडून आली होती, ती खाटेजवळ स्टुलावर बसली होती. जमनाबाईने आधी ताईंकडे पाहिलं, मग धावजींकडे, मग तिची नजर बहिणीवर आली. तो पांढुरका, विझलेला डोळा तिने तोपर्यंत पाहिलेला नव्हता. तिने बहिणीला जवळ ओढलं आणि डोळ्याच्या खाली अंगठा फिरवला.

"म्या आली असती तं हा माहा गेला असता," ती म्हणाली.

बिजलीबाई म्हणाली, "थेंब टाकू दे त्याईले, हल्लू नको." ताईंनी बाटली उघडली आणि जमनाबाईची मान मागे केली.